पलीकडच्या खोलीतलं जेवण

हाल्मसे बेट,
२५ ऑक्टोबर १९६५

चि. रॅनल्ड यास,
ऑयरिक आजीचे अ. आ. वि. वि.

काल तुझी बोट पलीकडच्या किनाऱ्याला लागेपर्यंत मी दारात उभी होते. तुझ्यासाठी नाही. एक कोंबडी आत यायला तयार नव्हती.

तर तू या पॅरिशचा फादर होऊन आलास आणि आमच्या बेटावर तुझी पहिली मिस्सा झाली. शेजारची फ्लोरी म्हणाली, देवदूतासारखा बोलला. फ्लोरी प्रवचनाला झोपते, तेव्हा देवदूत तिला स्वप्नात दिसला असेल. मी म्हणते, लांबलं. आणि ते स्पेनमधल्या संत्र्याच्या झाडाचं काय काढलंस मध्येच? तू तिकडे शिकून आलास हे सगळ्यांना माहीत आहे. इथं वाऱ्यापुढे झुडूप उभं राहत नाही, त्यात संत्र्याचं झाड. लाखलननं बोट हाकताना तुला विचारलं नाही, पण मला विचारलं, की ते झाड केवढं असतं. पुढच्या वेळी मेंढीचं काहीतरी सांग.

बोटीत चढताना तू मला हळूच विचारलंस, मला पलीकडच्या खोलीत एकट्याला का वाढलंस म्हणून. लाखलन शेजारी उभा होता, म्हणून "फादर, वारा वाढतोय, निघा तुम्ही" एवढंच म्हणाले. आता उत्तर देते. चॅपलला लागून आपलंच घर आहे, म्हणून मिस्सा झाली की फादर आपल्याकडे न्याहारी करतात. पलीकडच्या खोलीत, पांढऱ्या कापडावर, चांगल्या बशीत, एकटे. बाकी बेट स्वयंपाकघरात माझ्या चुलीभोवती बसतं. माझ्या सासूनं असंच केलं, तिच्या सासूनं असंच. फादरांच्या हनुवटीवर अंड्याचा पिवळा ओघळ लोकांनी बघितला, तर तेच लोक त्यांच्यापुढे गुडघे टेकतील का? तू त्याच खोलीत जन्मलास हे खरं. पण तेव्हा तू फादर नव्हतास, नुसता ओरडत होतास.

लोकांसमोर मी तुला अहो-जाहो करते त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पत्रात तू माझा रॅनीच. पत्र दुसरं कोणी वाचत नाही, आणि माझं अक्षर बघता वाचू शकणारही नाही.

पायमोजे लोकरीचे घालत जा. लोभ आहे, तो तुला वेगळा सांगायला नको.

तुझी आजी,
ऑयरिक

*

किलेरन,
४ नोव्हेंबर १९६५

ती. आजीस,
रॅनल्डचा स. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारच्या टपालाच्या बोटीनं आलं. ते मी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. या फादरहाऊसला खोल्या फार आहेत. जुन्या फादर गिलिसनी त्यातली एकच वापरली असावी, बाकीच्यांना दमट लोकरीचा वास येतो. स्वयंपाकाच्या बाई रस्सा झाकून ठेवतात आणि अंधार पडायच्या आत आपल्या घरी जातात. फार चांगल्या आहेत. मी आत आलो की उभ्या राहतात, म्हणून मी आत जायचं टाळतो.

तुला एक सांगायचं आहे. आता मिस्सा आपल्या भाषेत होते आणि वेदी पुढे ओढून मी लोकांकडे तोंड करून उभा राहतो. शिकत असताना मला वाटायचं, हे झालं की सगळं बदलेल. इतके दिवस फादर पाठ करून उभे, परकी लॅटिन, लोक मागे जपमाळ ओढतायत. आता आम्ही एकमेकांना बघू, एकमेकांना उत्तर देऊ. पण मी "प्रभू तुमच्याबरोबर असो" म्हणतो आणि समोर सगळ्या माना खाली जातात. उत्तर येतं ते बुटांकडे बघत. पाठ करून उभा असतो तर मला हे दिसलं तरी नसतं. कधी कधी वाटतं, आपण जुनं एक पांघरूण काढून घेतलं आणि माणसं थंडीत उघडी पडली.

तुझ्याकडच्या खोलीतून मला तुमचं हसणं ऐकू येत होतं. लाखलन कसलीतरी गोष्ट सांगत होता. मला तिचा शेवट कळला नाही. पुढच्या वेळी मला स्वयंपाकघरात बसव, आजी. कोपऱ्यातल्या स्टुलावर चालेल.

आणि दुसरं. मिस्सेच्या आधी सगळं बेट पापनिवेदनाला आलं. तू आली नाहीस. ख्रिस्तप्रसादालाही बाकावरून उठली नाहीस. गुडघा दुखत होता का?

लोभ राहू दे, मला इथं त्याची ऊब लागते.

तुझा,
रॅनल्ड

*

हाल्मसे,
२० नोव्हेंबर १९६५

चि. रॅनल्ड यास, अ. आ. वि. वि.

गुडघ्याला काही झालेलं नाही. सरळ सांगते. मी तुझ्याकडे कबुलीला येणार नाही. ज्या कानांतला मळ मी काढला, त्या कानांत माझी पापं ओतायची?

फादर गिलिस कानांनी ठार बहिरे होते, देव त्यांना बरं ठेवो. सगळ्या बेटाची सोय होती. काहीही सांगा, प्रायश्चित्त म्हणून तीन "नमो मारिया" म्हणायला लावायचे. फ्लोरीच्या नवऱ्यानं एकदा पैज लावून नुसतं बटाट्याला कीड लागल्याचं सांगितलं, तरी तीनच. तुझे कान मात्र चांगले आहेत. माझ्या वयात माणूस नवीन पाप करत नाही, असलेलंच परत परत करतो. माझं म्हणजे राग. आणि तो कोणाकोणावर हे सांगत बसले तर निम्मी माणसं तुझीच निघतील. तुझी आई निघेल, जी तुला माझ्या हातात देऊन मेली. तुझा बाप निघेल, जो जहाजावर गेला आणि पत्र लिहायला विसरला. शेवटी तू निघशील. हे सगळं तुला सांगून, वर तुझ्याकडून क्षमा घेऊन, मग तुलाच चहा करून देऊ? मला जमायचं नाही.

वेदीबद्दल लिहिलंस ते दोनदा वाचलं. तू शिकलास, पण बोटीत बसून विसरलास. वल्ही मारणारे कुठं तोंड करून बसतात? सुकाणूवाल्याकडे. आणि सुकाणूवाला त्यांच्याकडे. पुढचं त्याला एकट्याला दिसतं, बाकीचे पाठ करून ओढत असतात. मग यात नवीन काय आहे? तू फक्त आमच्या तोंडाकडे बघत बसू नकोस. सुकाणूवाला वल्हेवाल्यांची तोंडं निरखत बसला की बोट खडकावर जाते. माना खाली जातात त्या जाऊ देत, ओढणारा माणूस खालीच बघतो.

स्टुलाचं म्हणशील तर नाही. त्यावर मांजर बसते.

थंडी फार आहे. प्रकृतीला जप, म्हणजे मला रागावायला माणूस राहील.

तुझी आजी

*

किलेरन,
२८ डिसेंबर १९६५

ती. आजीस, स. न. वि. वि.

वाऱ्यामुळे नाताळला मला तुमच्याकडे येता आलं नाही. लाखलन पलीकडून कंदील हलवून "नको" म्हणाला ते मला दिसलं. धक्क्यावर बराच वेळ उभा राहिलो.

इथं चर्च भरलं होतं. मिस्सा झाल्यावर दारात सगळ्यांशी हात मिळवले. आता तुला एक गंमत सांगतो, हसशील. डॉक्टर म्हणाले, फादर, आज जेवायला मास्तरांकडे असाल. मी हसलो. मास्तर म्हणाले, मोठ्या शेतावर तुमची वाट बघत असतील, तुम्हाला अडवत नाही. शेतावरच्या बाई म्हणाल्या, आमच्यासारख्यांकडे कशाला याल, डॉक्टरांनी केव्हाच सांगून ठेवलं असेल. प्रत्येकाला खात्री होती, की आपल्यापेक्षा मोठ्या घरानं फादरांना बोलावलं आहे. मग सगळे आपापल्या घरी गेले. स्वयंपाकाच्या बाई बहिणीकडे गेल्या होत्या. मी थंड मटण खाल्लं आणि प्रार्थनेचं पुस्तक वाचलं. संध्याकाळी गावातून फिरलो, तर लोक खिडक्यांतून हात करत होते, फादर कोणाकडून तरी जेवून परत चालले आहेत अशा समजुतीनं.

माझी तक्रार नाही. त्यांच्या मनात आदरच होता. पण त्या संध्याकाळी एक गोष्ट मनात आली. पडद्याआडून ही माणसं मला स्वतःबद्दलचं सगळ्यात वाईट सांगतात. दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटली की हवापाण्याचं बोलतात. ज्यांची पापं मला ठाऊक आहेत, त्यांच्या चुली मला ठाऊक नाहीत. आपल्या परंपरेत फादरला सगळ्यांचा बाप म्हणतात. बापाचं पान मात्र कोणाच्याच घरी मांडलेलं नसतं.

नवीन वर्षात तुला सुख लाभो. आहे तसा जीव लावत राहा.

तुझा,
रॅनल्ड

*

हाल्मसे,
१७ जानेवारी १९६६

चि. रॅनल्ड यास, अ. आ. वि. वि.

हसले नाही. डॉक्टर मूर्ख, मास्तर मूर्ख, आणि सगळ्यात मोठा तू. तुला तोंड नव्हतं? दार वाजवायचं आणि म्हणायचं, मी उपाशी आहे. लाखलनबरोबर एक कोंबडी पाठवते आहे, तीच ती आत न येणारी. आता येईल. सोबत ओटच्या भाकऱ्या आहेत. बाईंना दाखवू नकोस, त्यांना वाटेल मी त्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवते. ठेवते, पण त्यांना कळायला नको.

नाताळला आम्ही फादरशिवाय चॅपलमध्ये बसलो. मी जपमाळ सांगितली. फ्लोरी जपात माझ्यापुढे धावत होती, तिची भाकरी तव्यावर होती.

आता माझं ऐक. बेटावर बोलायला लागले आहेत. तू मागच्या वेळी आलास तेव्हा सगळे ख्रिस्तप्रसादाला उठले आणि बाकावर मी एकटी राहिले, ओहोटीला खडकावर खेकडा राहतो तशी. फ्लोरी मला म्हणाली, ऑयरिक, लोक म्हणतात तू काहीतरी मोठं केलं आहेस, नाहीतर स्वतःच्या नातवाच्या हातून कोण घेत नाही? मी म्हटलं, हो, शेजारणीला विष घातलंय, हळूहळू चढेल. ती हसली, पण तिनं मी दिलेला चहा पूर्ण प्यायला नाही.

हसण्यावारी नेलं तरी दिवस जवळ येतायत. ईस्टरचा ख्रिस्तप्रसाद तर घ्यायलाच हवा, आणि त्याची शेवटची मुदत त्रैक्याचा रविवार, ईस्टरपासून आठच आठवडे. मुलगी होते तेव्हापासून मी तो चुकवलेला नाही. हेरिंग मासळीच्या हंगामातही नाही, आजारपणातही नाही. मला ते देवाचं अन्न हवं आहे, रॅनी. तुझ्या हातून नको असं नाही. पण ते जिभेवर पडण्याआधी जे सांगावं लागतं, ते तुला सांगायचं नाही. दुसरा कोणी फादर आण. तू हे काम करू शकत नसशील तर कोणाकडे मागू?

कोंबडी जास्त शिजव, जुनी आहे. माझ्यासारखी.

तुझी आजी

*

किलेरन,
१४ मार्च १९६६

ती. आजीस, स. न. वि. वि.

तुझं काम झालं. शेजारच्या पॅरिशमध्ये फादर पिकरिंग म्हणून एक आहेत, शहरातले, छातीच्या दुखण्यासाठी समुद्राची हवा खायला आलेले. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी ते माझ्याऐवजी हाल्मसेला येतील आणि मी त्यांच्या चर्चमध्ये जाईन. त्यांना आपली गेलिक येत नाही, मिस्सा ते लॅटिनमध्येच करतील. पण तुला इंग्रजी येतं, हेरिंगच्या कामाला तू इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत जात होतीस. आणि पश्चात्तापाला भाषा लागत नाही. देव शब्दांच्या आधीच ऐकतो, असं आम्हाला शिकवलं आहे आणि माझा त्यावर विश्वास आहे.

तुझी जागा बाकावर नाही, रांगेत आहे. तू तिथं असलीस की मला परक्या वेदीवरही बरं वाटेल.

माया कमी करू नकोस.

तुझा,
रॅनल्ड

*

हाल्मसे,
४ एप्रिल १९६६

चि. रॅनल्ड यास, अ. आ. वि. वि.

देवाला भाषा लागत नसेल. मला लागते.

तुझे फादर पिकरिंग सज्जन आहेत. बोटीत हिरवे झाले तरी लाखलनला थँक्यू म्हणाले. चॅपलमध्ये आम्ही कपडे वाळत घालायच्या चौकटीवर जांभळं फडकं टाकून त्यांना पलीकडे बसवलं. मी गेले, गुडघे टेकले, आणि तोंड उघडलं, तर आत काही नाही.

माझं इंग्रजी हेरिंगच्या पिंपांपाशी शिकलेलं. त्यात मीठ आहे, सुरी आहे, "सरक जरा" आहे, आणि मुकादमाला ऐकवायचे चार शब्द आहेत. ते शब्द कबुलीत चालत नाहीत, उलट त्यांचीच कबुली द्यावी लागेल. त्या भाषेत मी माशांची पोटं फाडली, स्वतःचं फाडायला जमत नाही. मी म्हणाले, फादर, मी वाईट. त्यांनी विचारलं, कशी? मी म्हटलं, जुन्या माशासारखी. ते खोकले. मग फार मायेनं काहीतरी बोलून मला क्षमा करून टाकली.

पण कशाची क्षमा, रॅनी? मी तर काही दिलंच नव्हतं. रिकामं पिंप मोजून घेतल्यासारखं झालं. बाहेर येऊन मी परत बाकावरच बसले. बाकी सगळ्यांनी इंग्रजीत काय सांगितलं देव जाणे, पण ते उठले. लाखलन म्हणाला, आपण तर सगळ्याला "येस फादर" म्हटलं, त्यांनी खून विचारला असता तरी येसच होतं.

न्याहारी नीट केली त्यांनी, पलीकडच्या खोलीत. तू वाईट वाटून घेऊ नकोस, तू केलंस ते चांगल्या मनानं. फक्त पुस्तकातून केलंस.

तुझी आजी

*

किलेरन,
१९ एप्रिल १९६६

ती. आजीस, स. न. वि. वि.

ईस्टरलाही तू बाकावर बसून राहिलीस. मी सगळ्यांना प्रसाद देऊन वेदीकडे वळलो, तेव्हा माझ्या हातात ताटली होती आणि तू माझ्यापासून पाच-सहा पावलांवर होतीस.

तुला हे कधी सांगितलं नाही, पण ही पॅरिश मी मागून घेतली. बिशपसाहेबांनी विचारलं, तिथंच का? मी म्हणालो, भाषा येते. खरं कारण तुझ्या चुलीचा धूर इथल्या खिडकीतून दिसतो हे होतं. लहानपणी शाळेसाठी गेलो, मग स्पेन, मग शहर. सगळीकडे मी मनात परत तुझ्या स्वयंपाकघरात येत होतो. आता इतका जवळ आलो की तू मला तुम्ही म्हणतेस, आणि माझ्यामुळे तुझी देवाची वाट बंद झाली. फादरनं हे असं होऊ देता कामा नये. नातवानंही नाही.

फादर मॅकेखन म्हणून एक तरुण आहेत, आपल्याच भाषेचे. त्यांना इथं पाठवा आणि मला हलवा, असं मी या आठवड्याअखेर बिशपसाहेबांना लिहिणार आहे. मुदतीच्या आत झालं तर उत्तमच, नाहीतर मुदत वाढवून मागता येते. तुला वेगळं काही सुचत असेल तर लगेच कळव.

लोभ असेलच, मी कुठंही असलो तरी.

तुझा,
रॅनल्ड

*

हाल्मसे,
३ मे १९६६

चि. रॅनल्ड यास, अ. आ. वि. वि.

तुझं पत्र आज हातात पडलं. टपालाच्या बोटीचं इंजिन बिघडलं होतं, तिला दुरुस्तीला ओढून नेलेलं, आणि आमची सगळ्यांची पत्रं पलीकडे पोत्यात.

बिशपला लिहू नकोस. लिहिलं असशील तर दुसरं लिही की पहिलं वाचू नका.

तू तिकडे कुठंतरी शहरात जाणार, आणखी मोठं घर, आणखी थंड मटण, आणि मी इथं स्वच्छ होऊन प्रसाद घेणार? तुला घरातून काढून मला देवाच्या दारात जायचं नाही. तो विचारेल, पोरगं कुठं आहे.

त्रैक्याच्या रविवारी मी येते. फडक्यामागे. आपल्या भाषेत. तू माझ्याकडे बघू नकोस, मी तुझ्याकडे बघणार नाही. मध्ये बोलू नकोस. "आजी" म्हणू नकोस. रडलास तर मी उठून जाईन. आणि "नमो मारिया" तीनच दे, जास्त दिलेस तर मी समजेन की तू मनाला लावून घेतलंस.

एवढंच. मेंढ्यांना कोकरं झाली, एक लंगडं आहे, जगेल.

तुझी आजी

*

किलेरन,
८ जून १९६६

ती. आजीस, स. न. वि. वि.

रविवारबद्दल मी काही लिहिणार नाही. तू जाणतेस. फडक्याच्या दोन्ही बाजूंना जे झालं ते मी आता जगात कोणाशी बोलू शकत नाही, तुझ्याशीसुद्धा नाही. इतके दिवस मला वाटायचं, हे आमचं ओझं लोकांच्या बाजूनं जड असतं. आता कळलं की जवळच्या माणसाचं ऐकलं की त्याच्याशी बोलायचा एक विषय कायमचा कमी होतो. तू रांगेत उभी राहिलीस आणि तोंड उघडून वर बघितलंस, एवढं मात्र मी लिहू शकतो. ते सगळ्या बेटानं बघितलं. फ्लोरी रडत होती.

नंतर तू मला पलीकडच्या खोलीत वाढलंस. बशी ठेवून तू जराशी थांबलीस. मला वाटलं, बसशील. मग लाखलननं चहा मागितला आणि तू गेलीस.

आता जे सांगायचं ते सांगतो. मे महिन्यात तुझं पत्र आलं तेव्हा माझं पत्र बिशपसाहेबांकडे पोचलं होतं. मी लगेच दुसरं टाकलं, मागणी परत घेतो म्हणून. उत्तर येईपर्यंत तुला काय कळवायचं, म्हणून गप्प राहिलो. उत्तर काल आलं. त्यांनी लिहिलं आहे की फादर मॅकेखनना कळवून झालं, शहरातल्या पॅरिशला कळवून झालं, आणि हे सगळं तुम्हीच मागितलं होतं. ऑगस्टमध्ये मी जाईन.

रागावली असशील. राग तुझा हक्काचा आहे. लोभही तसाच ठेव.

तुझा,
रॅनल्ड

*

हाल्मसे,
१२ सप्टेंबर १९६६

चि. रॅनल्ड यास,
ऑयरिक आजीचे अ. आ. वि. वि.

शहरातून आलेलं तुझं पहिलं पत्र पोचलं. धूर, बसगाड्या, आणि खिडकीसमोर विटांची भिंत. चर्च मोठं आहे म्हणतोस. बरं झालं, तिथं संत्र्याच्या झाडाचं सांग, बाजारात संत्री तरी बघितली असतील लोकांनी.

माझी कबुली फुकट गेली असं तू मनात धरून बसला आहेस, ते तुझ्या पत्रात ओळीओळीला दिसतं. फुकट गेली नाही. मी ती बिशपसाठी दिली नव्हती. तुझ्या तोंडावर आणि पत्रात मी तुला नंतर चार वेळा डिवचून बघितलं, की त्यातलं काही बाहेर येतं का. आलं नाही. म्हणजे तू फादर झालास. मला आधी खात्री नव्हती.

काल तुझे फादर मॅकेखन पहिल्यांदा आले. बारीक माणूस आहे, कॉलरमध्ये मान फिरते. प्रवचन छोटं केलं, ते सगळ्यांना आवडलं. मी नेहमीसारखं पलीकडच्या खोलीत पांढरं कापड घातलं, सगळं मांडलं, दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात आले. सगळं बेट होतं. लाखलन त्याची बैल पोहत गेल्याची गोष्ट सांगत होता. ती मी इतकी वेळा ऐकली आहे की मला दुसरंच आठवलं, मी मीठ न्यायला विसरले होते.

दार न वाजवता आत गेले. टेबलापाशी कोणी नव्हतं. त्यानं खुर्ची उचलून भिंतीला लावली होती, आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीला, आणि बशी मांडीवर घेऊन, डोकं भिंतीला टेकून बसला होता. बैलाचं ऐकत होता. हसत होता, आवाज न करता.

मला बघून कानापर्यंत लाल झाला आणि उठायला लागला. मी म्हटलं, बसा, फादर. मीठ टेबलावर ठेवलं. बाहेर जायचं होतं, पण दुसरी खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसले. तिकडे गोष्ट थांबली. फ्लोरीनं दारातून डोकावून बघितलं आणि मी चुलीवर पाय दिल्यासारखा चेहरा केला. मी तिला सांगितलं, चहा इकडे आण, आणि लाखलनलाही म्हणावं, शेवट इथं येऊन सांग, फादरांचा राहिलाय. मग सगळेच आले. बसायला जागा नव्हती, उभे राहिले. लाखलननं शेवट सांगितला तो अगदी वाईट सांगितला, फादर समोर आहेत म्हणून बैलाला एकही शिवी दिली नाही. तरी तो माणूस हसला, या वेळी मोठ्यानं.

ते गेल्यावर मी खुर्ची जागेवर ठेवली. तेव्हा मनात आलं, म्हणून आज हे पत्र लिहायला घेतलं. तुझ्या वेळी ती खुर्ची कुठं असायची, हे मी एकदाही आत येऊन बघितलं नाही. कळव.

लोभ आहे. तो वाढवत बसण्याइतका वेळ माझ्यापाशी नाही, आहे तेवढा पुरवून वापर.

तुझी आजी,
ऑयरिक